मुक्काम लांबव

चि. ओंकार,

तू पाठवलेला हिशेब नीट वाचला. बाणेरचा फ्लॅट सोडायचा, पगार पुण्याचा ठेवायचा आणि खर्च थायलंड-व्हिएतनाममधला करायचा. खोलीभाड्याचे तुझे आकडे मला पटतात. पण बारा महिन्यांत तू आठ गावं लिहिली आहेस, आणि वाचणारे पैसे त्या आठ गावांमध्येच संपणार आहेत.

प्रत्येक वेळी गाव बदललं की तिकीट, सामानाचे जादा पैसे, खोली मिळेपर्यंत हॉटेल, नवं सिम, स्वयंपाकाची सोय लागेपर्यंत बाहेरचं जेवण. इथलं कार्ड तिथे वापरलंस तर बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात. शिवाय महिन्याचं भाडं रोजच्या दराच्या तीसपट सहसा नसतं, बरंच कमी असतं. थायलंडमधल्या चियांग माईतल्या स्वस्त खोल्या बहुधा सहा महिने किंवा वर्षाच्या कराराने, डिपॉझिट भरून घ्याव्या लागतात. दर दीड महिन्याने बॅग भरणाऱ्याला त्या मिळत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि जंगलं जळतात, गावभर धूर असतो. त्या दिवसांत खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. तुझ्या छातीला धूर सोसत नाही हे मी तुझ्या लहानपणापासून बघते आहे.

व्हिसाचं तू एका ओळीत उरकलं आहेस. थायलंडने २०२४ साली दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला, एका वेळी १८० दिवस राहता येतं. पण त्यासाठी खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. व्हिएतनामचा ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि तुला मिळेल तो पर्यटकाचा. परदेशातून काम करण्याआधी तुझ्या कंपनीची लेखी परवानगी घे. तोंडी ‘चालेल’ म्हणणारा मॅनेजर उद्या बदलतो.

टॅक्स वाचेल हे डोक्यातून काढ. करासाठी भारतातला रहिवासी ठरवणारा १८२ दिवसांचा नियम एकटा नाही, त्याला ६० दिवसांचं आणि मागच्या चार वर्षांचं कलमही जोडलेलं आहे. सीएला विचारल्याशिवाय टॅक्सच्या बचतीचा आकडा हिशेबात धरू नकोस.

माझं ऐकशील तर पहिलं वर्ष देशातच काढ, आणि तेही दोन-तीनच ठिकाणी. जूनपासून गोव्यात हंगाम उतरतो, तेव्हा घरमालक महिन्याच्या भाड्यावर बोलायला तयार असतात. इन्व्हर्टर आहे का ते मात्र आधी विचार, पावसात वीज जाते. नोव्हेंबर लागायच्या आत तिथून नीघ, कारण डिसेंबरचं भाडं तुला परवडणार नाही. इथे मेडिक्लेम चालतो, ओटीपी येतो, आजारी पडलास तर मी रात्रीच्या गाडीने पोचू शकते. परदेशात तुझी इथली पॉलिसी बहुधा उपयोगाची नाही, आणि प्रवास विमा मुख्यतः तातडीच्या उपचारांपुरता असतो. जुनं दुखणं त्यात सहसा बसत नाही.

त्या वर्षात खरोखर किती शिल्लक पडली ते बघ आणि मग चियांग माईला जा, सहा महिन्यांसाठी. तेव्हा मी अडवणार नाही.

फ्लॅटचा ११ महिन्यांचा करार कधी संपतो? मध्येच सोडलास तर नोटिशीचे पैसे डिपॉझिटमधून कापतील. कपाट आणि पलंग आमच्या मागच्या खोलीत ठेव, भाड्याचं गोदाम बघू नकोस. करारपत्र आणि मेडिक्लेमचे कागद रविवारपर्यंत पाठव, मी वाचून फोन करते.

तुझी,
मावशी