शोभिवंत माशांचा जोडधंदा : एक अभ्यास

सुशिक्षित तरुणांना नोकरी मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. अशा वेळी थोड्या जागेत, घरच्या माणसांच्या मदतीने करता येण्याजोगा जोडधंदा म्हणून शोभिवंत मासे वाढवून विकण्याचा धंदा पुष्कळांच्या नजरेत भरतो. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी काचेपलीकडचे मासे पाहून आम्हांलाही हा नाद लागला. परंतु नाद वेगळा आणि धंदा वेगळा, हे आम्हांला उशिरा आणि दुसऱ्याच्या खर्चाने कळले.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका तरुणाने उसने पैसे घेऊन गच्चीवर दहा टाक्या मांडल्या. क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणले आणि त्याच दिवशी टाक्यांत सोडले. आठवड्यात पाणी गढूळले. "काका, आता काय करू?" म्हणून तो आमच्याकडे आला. आमच्या घरी एक टाकी होती, एवढ्याच अधिकारावर आम्ही सांगितले, "सगळे पाणी काढ आणि नळाचे ताजे पाणी भर." त्याने तसे केले. दोन दिवसांत जवळजवळ सगळे मासे मेले. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास सुरू केला.

चूक कोठे झाली? नळाच्या पाण्यात क्लोरिन असते. ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. म्हणून पाणी उघड्या पिंपात निदान २४ तास, शक्य तर हवेच्या पंपाने ढवळत ठेवून मगच वापरावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया हे विष तयार होते. वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत दोन-चारच मासे ठेवावेत आणि पुढेही एका वेळी पाव हिस्साच पाणी बदलावे.

आता मासे कोणते घ्यावेत ते पाहू. नवख्याने पिल्ले देणाऱ्या जातींपासून सुरुवात करावी. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या त्या जाती होत. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते आणि संधी मिळाली तर स्वतःची पिल्ले खाते. म्हणून टाकीत दाट पाणवनस्पती ठेवावी, किंवा प्रसूतीनंतर मादी वेगळी काढावी. त्याच त्या कुळात पैदास होत राहिली तर पिढी दुबळी व फिकी निघते. यासाठी अधूनमधून नर बाहेरून आणावेत.

अंडी देणाऱ्या जाती पुढची पायरी. गोल्डफिश वनस्पतींवर अंडी विखुरतो व तीच खातो. फायटरचा नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधून अंडी राखतो, पण दोन नर एकत्र ठेवले तर लढून जखमी होतात. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना आरंभी सूक्ष्म जिवंत खाद्य लागते. ते तयार करण्याची सवय झाल्याशिवाय या जातींकडे वळू नये. नवीन आणलेले मासे मात्र कोणत्याही जातीचे असोत, दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग एका माशाबरोबर येतो आणि सबंध टाकी घेऊन जातो.

बँकेत कारकुनी करीत असल्याने हिशेबाविषयी दोन शब्द. टाकी तयार होण्यास एक महिना, पहिली पिल्ले येण्यास एक महिना आणि ती विक्रीयोग्य होण्यास सुमारे तीन महिने धरा. म्हणजे पहिला रुपया पाच महिन्यांनी येणार. कर्जाचा हप्ता मात्र दुसऱ्याच महिन्यापासून सुरू होऊ शकतो. म्हणून कर्ज मागतानाच हप्ते उशिरा सुरू करण्याची मुदत मागून घ्यावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या आवारातील लहान शोभिवंत मत्स्य प्रकल्पाचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य ठेवले होते. चालू नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावेत. अनुदान आधीच हाती पडेल असे धरून कोणीही उसनवारी करू नये. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय ही या विद्येची केंद्रे आहेत. आमच्यासारख्या हौशी माणसापेक्षा तेथील जाणकारांना विचारावे.

आमच्या अभ्यासवर्गात एका ताईंनी प्रश्न केला, "हा जिवांचा व्यापार आपल्याला चालेल का?" अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार येतो. अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा केला आहे. ज्याने त्याने आपल्या विवेकाने निर्णय घ्यावा. पण हा धंदा करायचाच, तर लहान काचगोळ्यात मासा कोंबून विकू नये, आणि नको झालेले मासे तळ्यात वा नदीत सोडू नयेत. टाकीतून बाहेर पडलेला सकरमासा आज देशातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे.

त्या तरुणाने उसने पैसे दोन वर्षे रिक्षा चालवून फेडले. आम्ही त्याच्याकडे जाऊन आमची चूक कबूल केली. तो एवढेच म्हणाला, "काका, हे कुठेतरी लिहून ठेवा." म्हणून हा लेख. बंधू-भगिनींनो, एका टाकीपासून आरंभ करा, सहा महिने वही ठेवा, आणि दुसरी टाकी पहिलीच्या कमाईतून घ्या.