लहान जातीच्या श्वानांतील गुदकोशविकार : अर्श व भगंदर यांपासून पार्थक्य

मुंबई-गोवा महामार्गावर खेड व चिपळूण यांच्या दरम्यान लोटे येथे औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून या परिसरातील कुटुंबव्यवस्थेचे स्वरूप पुष्कळ पालटले आहे. पूर्वी घरचा कुत्रा म्हणजे अंगणातला राखणदार. आता निवासी इमारतींतून पॉमेरियन, पग, लासा, डॅशहुंड अशी लहान जातीची श्वाने घरातील मुलाप्रमाणे वाढतात आणि त्यांच्या तक्रारी घेऊन मालक जवळच्या वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतात. त्यांपैकी एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : ‘कुत्रा जमिनीवर पार्श्वभाग घासत फिरतो, सारखा मागे चाटतो. त्याला मूळव्याध झाली असावी, काही द्या.’ या एका वाक्यात निदानही झालेले असते आणि औषधाची मागणीही. त्यातील निदान बहुधा चुकीचे असते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती चूक कोठे होते व तिचे परिणाम काय होतात हे दाखविणे हा आहे.

श्वानाच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, घड्याळाच्या तबकडीवरील 4 व 8 या आकड्यांच्या स्थानी, अंतःस्थ व बहिःस्थ संकोचक पेशींच्या मध्ये एकेक लहान पिशवी असते. लोक तिला ‘ग्रंथी’ म्हणतात. वस्तुतः तो कोश आहे आणि स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथी त्याच्या भित्तीत असतात. लहान श्वानात हा कोश साधारण वाटाण्याएवढा असतो. त्यातील उग्र, माशासारख्या वासाचा स्राव एका बारीक नलिकेवाटे गुदद्वाराच्या कडेशी येतो. मलप्रवृत्तीच्या वेळी घट्ट मलाचा दाब पडून कोश रिता होतो. स्वतःची ओळख व आपल्या क्षेत्राची खूण ठेवणे हे या स्रावाचे प्रयोजन होय.

मानवी शरीरात असा कोश नाही. मानवी गुदातही सूक्ष्म ग्रंथी असतात आणि बहुसंख्य भगंदरांचा आरंभ त्यांच्या संसर्गातूनच होतो, हे शल्यतंत्राच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. परंतु स्राव साठविणारी स्वतंत्र पिशवी आपल्या रुग्णात नसते. म्हणून सुश्रुताने वर्णिलेल्या गुदाच्या तीन वलींचे किंवा शतपोनकादी पाच भगंदरांचे ज्ञान येथे जसेच्या तसे लावता येत नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व शालिहोत्राची अश्वचिकित्सा यांवरून आपल्या परंपरेनेच हे मान्य केलेले दिसते की, प्राणी बदलला की शरीररचना, मात्रा व पथ्य यांचा विचार नव्याने करावा लागतो.

संप्राप्ती मात्र आपल्या परिभाषेत सुगम रीतीने मांडता येते. प्रथम संग. मल सैल असला, श्वान स्थूल असले, त्वचेस अ‍ॅलर्जीजन्य शोथ असला किंवा नलिका मुळातच अरुंद असली, तर कोश पुरता रिता होत नाही. आतील स्राव घट्ट, लुकणासारखा होतो. त्यानंतर शोथ, स्रावात रक्त वा पू मिसळतो, शेपटी उचलू दिली जात नाही. पुढे पाक व अखेरीस भेद; गुदद्वाराच्या एका बाजूस लाल, उष्ण उत्सेध येऊन तो त्वचेतून फुटतो. फुटलेले ते छिद्र पाहून मालक ‘भगंदर’ म्हणतो आणि, खेदाने लिहावे लागते, आमच्यापैकी काही जणही तेच म्हणतात.

पार्श्वभाग घासण्याचे प्रत्येक कारण कोशातच असते असेही नाही. पिसवांवाटे पसरणारा फीतकृमी हे एक नित्य कारण आहे. त्याचे तांदळासारखे खंड गुदाभोवतीच्या केसांत चिकटलेले दिसतात. जर्मन शेफर्ड जातीत गुदाभोवती अनेक मुखांचे व्रण होतात आणि ते चाळणीसारख्या शतपोनकाची आठवण करून देतात. तथापि तो शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी निगडित विकार असून त्यावर त्या यंत्रणेस आवर घालणारी औषधे पशुवैद्यक देतात. वयस्क श्वानात एका बाजूस कठीण गाठ, जोडीला अतितृष्णा, बहुमूत्रता व मलावरोध असल्यास कोशातील घातक अर्बुदाची शंका घ्यावी. या अर्बुदात रक्तातील कॅल्शियम वाढते, त्यामुळे तहान वाढते; आणि गाठ लहान असतानाच ते कटीच्या लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचलेले असू शकते. बाहेरून काहीच न दिसणारी अशी गाठ केवळ अंगुलीपरीक्षणात सापडते. म्हणून ‘दोन महिने चूर्ण देऊन पाहू’ हा सल्ला येथे सर्वांत महाग पडतो.

आता औषधी दुकानदारांसाठी महत्त्वाचा भाग. मूळव्याधीचे म्हणून जे द्यावेसे वाटते, त्यातील पुष्कळसे श्वानास अपायकारक आहे. अभयारिष्टात हरीतकी व विडंगासोबत मृद्वीका, म्हणजे द्राक्षा असते. द्राक्षे व मनुका यांनी श्वानाचे वृक्क निकामी होऊ शकतात. त्यास टार्टारिक आम्ल कारणीभूत असावे असे 2021 पासून मानले जाऊ लागले. किती प्रमाणात अपाय होईल याचे निश्चित मान नाही. एक श्वान सहन करते, दुसरे दगावते. शिवाय अरिष्टातील स्वयंजनित मद्यांश तीन-चार किलो वजनाच्या प्राण्यास वेगळाच. अर्शोघ्नी वटीत बकाण निंबाचे बीज पडते; त्याची फळे श्वानास विषारी आहेत. अर्शावरील काही कल्पांत भल्लातक असतो. बाह्योपचारही निर्धोक नाहीत. श्वान लावलेले सर्व चाटते, आणि जात्यादि तैलात तुत्थ असते. यशदयुक्त मलमांचेही तेच.

क्षारसूत्राविषयी दोन ठिकाणी आम्हांस विचारणा झाली, म्हणून लिहितो. बनारस हिंदू विद्यापीठात 1960 च्या दशकापासून डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनरुज्जीवित केलेली ही पद्धती मानवी भगंदरात यशस्वी ठरली, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु श्वानाच्या गुदकोशात स्राव निर्माण करणारे अस्तर शाबूत राहते तोवर विकार उलटत राहतो. मार्ग कापून तो थांबत नाही. स्नुहीक्षीर व अपामार्गक्षार लावलेले सूत्र श्वान चाटणार, ओढणार, हा भाग निराळाच. वारंवार उलटणाऱ्या विकारात पशुवैद्यक संपूर्ण कोशच काढतात. त्यातही संकोचक पेशींच्या नाडीस इजा होऊन मलधारण जाण्याचा धोका असल्याने ती शस्त्रक्रिया शेवटी ठेवली जाते.

आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण. सुमारे सहा वर्षांची पॉमेरियन मादी, गुदाच्या डाव्या बाजूस सूज. मालकांनी एका दुकानदाराच्या सल्ल्याने चार दिवस अभयारिष्ट पाजले होते. दोन उलट्या झाल्यावर ते आमच्याकडे आले. आम्ही औषध न देता त्यांना त्याच दिवशी चिपळूणला पशुवैद्यकाकडे पाठविले आणि बाटलीही सोबत नेण्यास सांगितले. पशुवैद्यकांनी विद्रधी फोडून कोश धुतला, प्रतिजैविक दिले आणि बाटली पाहून वृक्कांची तपासणी करविली. मादी बरी झाली. बाटली घरीच राहिली असती, तर ती तपासणी कोणी केली असती?

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरास पशुचिकित्सा करता येत नाही, हेही व्यावसायिकांनी ध्यानी ठेवावे. कोश हाताने रिता करण्याचा मोहही टाळावा. पाक झालेल्या कोशावर दाब दिल्यास तो आतल्या आत फुटतो. आणि तक्रार नसताना तो पुनःपुन्हा पिळल्याने उलट शोथ संभवतो.

मग आपल्याकडे काय उरते? आहार. कोकणातील पाळीव श्वानास भात व माशाचे कालवण मिळते. कालवणात कांदा-लसूण असतो, दोन्ही श्वानाच्या रक्तकणांस घातक. ते आधी बंद करावे. मल घट्ट व भरदार व्हावा यासाठी उकडलेला तांबडा भोपळा, मीठ-मसाल्याविना; किंवा इसबगोलाचा भुसा, लहान श्वानास अर्धा चहाचा चमचा, पुरेशा पाण्यात भिजवून अन्नात. भुसा कोरडा कधीही देऊ नये. वजन उतरवावे, पिसवांचा बंदोबस्त करावा. विद्रधीत पशुवैद्यकाने सांगितल्यास कोमट पाण्याने भिजविलेल्या फडक्याचा शेक, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. पाणी आपल्या मनगटाच्या आतील बाजूस सोसेल इतपतच ऊन.

आम्ही स्वतः दुकानाच्या फळीवर खेड व चिपळूण येथील पशुवैद्यकांचे दूरध्वनी क्रमांक लावून ठेवले आहेत, आणि प्राण्यासाठी औषध मागणाऱ्यास प्रथम प्राण्याचे वय, वजन व चार दिवसांत काय काय पाजले हे विचारतो. बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडते.