फडकं फिरवून बघ

पानशेत

चि. बाळ,


होडीच्या डोलकाठीचे ताण आणि कडेच्या लाइफलाइन बदलायच्या आहेत, वायर घेऊ की डायनिमाची दोरी, असं विचारलंस. दुकानात ताकदीचे आकडे दाखवतील आणि त्यात दोरीच जिंकेल. तेवढ्याच जाडीच्या पोलादी वायरइतकी किंवा जास्तच ओढ ती सोसते, वजन जेमतेम सातवा-आठवा हिस्सा, शिवाय पाण्यावर तरंगते. पण ते आकडे नव्या मालाचे. तू अंग टाकशील ते पाच उन्हाळे खाल्लेल्या मालावर. म्हणून आधी विचार, याची झीज मला दिसेल का?

माझी पहिली होडी समुद्रावरून आणलेली, जुनी. लाइफलाइनवर पांढरं प्लास्टिक, दिसायला नवीकोरी. इथेच एकदा तिला पाठ टेकली आणि थेट पाण्यात गेलो. प्लास्टिकच्या आत तारा गंजून गेल्या होत्या. ज्या पाण्यात पडलो, त्याचाही धडा तोच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याआधी पाणी सोडण्याच्या मोरीपाशी भराव खचला होता आणि त्या मोरीच्या काँक्रीटमध्ये पोलाद नव्हतं. दोष पोटात होता.

तेव्हा डोलकाठीच्या ताणांना उघडी स्टेनलेस वायरच घे, एकोणीस तारांची. डायनिमा सतत ओढीखाली हळूहळू लांबत जाते, उन्हाच्या तापात अधिकच, आणि डोलकाठी सैल पडते. वायर तशी लांबत नाही. दर महिन्याला तिच्यावरून सुती फडकं फिरव. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलेली आहे. उघडा हात फिरवू नकोस, चिरेल. वायर टोकाच्या नळीत शिरते तिथला तांबूस डाग किंवा चीर नीट बघ, गंज तिथेच लपतो.

लाइफलाइनला इथल्या गोड्या पाण्यात डायनिमा चालेल. पण जुन्या वायरने खांबांच्या भोकांना धार आणलेली असते, ती आधी पॉलिश पेपरने घासून काढ, नाहीतर दोरी तिथेच कापली जाईल. गाठ मारू नकोस, गाठीत निम्म्याहून अधिक ताकद जाते. टोक दोरीतच ओवून स्प्लाइस कर. एका टोकाला बारीक दोरीचे वेढे ठेव, पाण्यात पडलेल्याला वर घेताना ते सुरीने झटकन कापता येतात. दोरी बसवल्याची तारीख वहीत लिही. लव सुटली, दोरी चपटी किंवा कडक झाली, की बदल.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तुलाही खाऱ्या पाण्यावर जायचंय, हे मला ठाऊक आहे. तिथे लाइफलाइनलाही वायर घेतलीस, तर ती उघडीच असू दे. वर्ल्ड सेलिंगचे खोल समुद्राचे नियमही वायरवर वेष्टण चालवून घेत नाहीत.

पावसाआधी होडी काठावर ओढशील त्या दिवशी कळव. फडकं घेऊन येतो, दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा