लॅपटॉप घेताना : हलका की ताकदवान?



मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेथील दुकानांत कार्ड घेणारी छोटी यंत्रे बसली. पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि बिल, विवरणपत्र, ई-वे बिल ही कामे संगणकावर आली. आज शहापूर-मुरबाडचा हार्डवेअरवाला असो, लाकडाचा व्यापारी असो की फॅब्रिकेशनचा कारागीर, लॅपटॉप घ्यावा हा विचार त्याच्या मनात येतोच. दुकानात गेल्यावर मात्र दोन प्रकार समोर ठेवले जातात. एक पातळ, सव्वा-दीड किलोचा. दुसरा जाडजूड, सव्वादोन-अडीच किलोचा, पण वेगवान. कोणता घ्यावा?

बहुतेक जण येथे विक्रेत्याचे ऐकतात आणि परवडेल तेवढा ‘मोठा’ घेतात. ही धंद्याची रीत नव्हे. आपण पावती पोहोचवायला मालट्रक नेत नाही आणि मोटारसायकलवर विटा भरत नाही. यंत्राचेही तसेच आहे. आधी काम ठरवावे, मग यंत्र.

वजन का वाढते?

ताकदवान लॅपटॉप जड असतो यामागे कारण आहे. जास्त काम करणारा प्रोसेसर जास्त वीज खातो, जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. ती बाहेर टाकण्यासाठी तांब्याच्या नळ्या व मोठे पंखे लागतात, शिवाय बॅटरी मोठी आणि चार्जरही मोठा. विक्रेता फक्त यंत्राचे वजन सांगतो. ताकदवान यंत्राचा चार्जर एकटाच अर्ध्या किलोच्या वर जातो, तोही पिशवीत धरून हिशेब करावा. सन १९८१ मध्ये आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा सोबत नेण्याचा संगणक सुमारे ११ किलोचा होता आणि त्यात बॅटरीही नव्हती. तेव्हापासून वजन पुष्कळ उतरले, पण वजन आणि ताकद यांची ओढाताण संपलेली नाही.

पहिली कसोटी : काम कोठे होते?

आठवडाभर यंत्र कोठे कोठे लागेल ते कागदावर लिहा. शहापूरचा व्यापारी आसनगावहून लोकल पकडून कल्याण किंवा मुंबईला जातो, भिवंडीच्या गोदामात माल पाहतो. मुरबाडकर कल्याणपर्यंत एस.टी. किंवा जीपने जातो. पिशवी खांद्यावर आणि गर्दीत उभे राहणे, अशांना हलका लॅपटॉपच सोयीचा.

ज्याचे यंत्र कारखान्यातील टेबलावरून हलणारच नाही, त्याने वजनाचा विचार सोडून द्यावा. किंबहुना त्याने लॅपटॉपऐवजी टेबलावरचा संगणक घ्यावा. तेवढ्याच पैशांत ताकद जास्त मिळते, भाग सहज बदलता येतात आणि लाकडाचा भुसा किंवा गिरणीची धूळ आत गेली तर उघडून साफ करता येते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात लॅपटॉपचे पंखे सतत फिरतात व धूळ आत ओढतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरी कसोटी : काम कोणते?

टॅलीसारखा हिशेब, जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, पत्रे, दरपत्रके, बँकेचे काम : यांना हलका लॅपटॉप पुरून उरतो. मात्र रॅम निदान ८ जीबी व साठवण एसएसडी प्रकारची असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. लग्नपत्रिका, फलक किंवा गेट-ग्रिलचे सपाट आराखडे काढणाऱ्यांनी १६ जीबी रॅम घ्यावी. यासाठीही जड यंत्राची गरज सहसा पडत नाही.

लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग, फर्निचरचे त्रिमितीय चित्र, यंत्रावर कोरायच्या नक्षीचे मोठे मॉडेल : येथे मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले ताकदवान यंत्रच लागते. हलक्यावर काम अडते आणि गिऱ्हाईक थांबून राहते.

प्रोसेसरच्या नावातील अक्षरही पाहावे. इंटेल व एएमडीच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा, जास्त तापणारा. शिवाय पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून ‘रॅम वाढवता येते का?’ हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा.

तिसरी कसोटी : वीज गेली तर?

पावसाळ्यात आपल्या भागात वीज जाते, हे सांगायला नको. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. हिशेब सोपा आहे. बॅटरी ५४ वॉट-अवरची आणि यंत्र ९ वॉट खात असेल, तर ५४ भागिले ९, म्हणजे ६ तास. ताकदवान यंत्राची बॅटरी ८० वॉट-अवरची असली तरी भारी कामात ते ८० वॉट खाऊ लागले, तर एका तासात संपेल. त्यातही बॅटरीवर असताना असे यंत्र आपला वेग स्वतःच कमी करते. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले, ती वीज नसताना पूर्ण मिळतच नाही. बरेच हलके लॅपटॉप टाइप-सी चार्जरवर चालतात, त्यांना योग्य क्षमतेच्या पॉवर बँकेवरही चार्ज करता येते. ताकदवान यंत्र घेणाऱ्याने इन्व्हर्टरचा खर्चही त्याच्या किमतीत धरावा.

जुना घेत असाल तर

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे यंत्र दिसायला कितीही ताकदवान असले, तरी बँकेच्या व जीएसटीच्या कामासाठी घेऊ नये. बॅटरी किती क्षीण झाली आहे तेही विचारावे. शरीअतमध्ये मालातील ऐब लपवणे विक्रेत्याला जायज नाही, आणि लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. ही अट पावतीवर लिहून घेतल्यास दोघांचाही वाद टळतो.

पैशाची बाजू

बिल धंद्याच्या नावाने व जीएसटी क्रमांकासह घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत ५० हजार असेल तर कर ९ हजार. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावर नियमित करदात्याला या ९ हजारांची वजावट मिळू शकते, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांविषयी सावध राहावे. यात बहुधा बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडून घेतले जाते. क्रेडिट कार्डावरील शून्य टक्के योजनांत व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने दडवले जाते, असे रिझर्व्ह बँकेनेच १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात म्हटले आहे. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंनी नावाला भुलू नये. गरजेपुरते यंत्र ठरवले की रक्कमही आटोक्यात येते, मग ती चार-सहा महिन्यांत साठवता येते किंवा नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेता येते. गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे हा इस्राफ आहे, आणि काम अडेल इतके लहान घेणे हाही तोटाच.

थोडक्यात, फिरतीचा व हिशेबाचा धंदा असेल तर हलका, व्हिडिओ व त्रिमितीय नक्षीचा असेल तर ताकदवान, आणि एकाच जागी बसून काम असेल तर टेबलावरचा संगणक. दुरुस्ती केंद्र कल्याणला आहे की मुंबईला, हेही आधी विचारावे. यंत्र बंद पडल्यास तेथे जाण्या-येण्यात बुडणारा दिवस हा त्याच्या किमतीचाच भाग आहे. घरातील शिकलेल्या मुला-मुलींचा मशवरा घ्यावा, वरील तीन कसोट्यांची उत्तरे लिहिलेला कागद खिशात ठेवावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी. इन्शाअल्लाह, घेतलेल्या वस्तूत बरकत राहील.