गिऱ्हाईक आणि दुकानदार

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. भगवंताच्या देवळाचे गाव आणि जुनी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतली माणसे इथे ज्वारी, तूर, सोयाबीन विकायला येतात. हातात पैसे आले की त्याच पेठेत किराणा, बियाणे, कापड घेतात. सकाळी विकणारा माणूस दुपारी गिऱ्हाईक होतो.

आम्हीही असेच गिऱ्हाईक. या पेठेत आम्हाला चांगले दुकानदार पुष्कळ भेटले. एकदा किराण्याच्या दुकानात आमची पैशांची पिशवी राहिली. आठ दिवसांनी गेलो, तर दुकानदाराने ती गल्ल्यातून काढून दिली. नोटा मोजल्या. एकही कमी नव्हती.

पेठ विश्वासावर चालते, हे खरे. पण तोंडी विश्वास माणूस विसरतो. कागदावरचा विश्वास टिकतो. हे आम्हाला कसे पटले, ते सांगतो.

दोन शेजारी

आमच्या गावात शेताला शेत लागून असलेले दोन शेजारी आहेत. एका वर्षी मृगाच्या सुमारास दोघे एकाच दुकानात गेले. दोघांनी सोयाबीनचे एकाच जातीचे बियाणे घेतले. थोरल्या शेजाऱ्याने पैसे मोजले, पिशव्या उचलल्या आणि तो निघाला. दुकानदाराने विचारले, "तात्या, पावती?"

"कशाला वो शेठ? धा वर्सं झाली, तुमच्याकडंच येतोय."

धाकट्या शेजाऱ्याबरोबर त्याची बायको होती. ती नुकतीच लिहायला-वाचायला शिकली होती. ती म्हणाली, "भाऊ, आमाला पावती द्या. पिशवीवरचा लॉट नंबरबी तीत लिवा."

दुकानदार हसून म्हणाला, "वहिनी, आमच्यावर विश्वास न्हाई का?"

"विश्वास हाय म्हणून तर तुमच्या दुकानात आलो. पण उद्या तुमी इसराल, आमीबी इसरू. कागद इसरत न्हाई."

दुकानदाराने पावती दिली. घरी आल्यावर तिने ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. पेरणी झाली तेव्हा रिकामी पिशवी, तिचा टॅग आणि मूठभर बी जपून ठेवले.

पाऊस चांगला झाला. पण दोन्ही शेतांत बी उगवलेच नाही. तासच्या तास रिकामे दिसू लागले.

धाकट्याने तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली. पावती आणि टॅग दाखवला. तपासणीसाठी समिती शेतात आली. बी किती खोल पडले, जमिनीत ओल होती का, रोपे किती उगवली, हे सारे तिने पाहिले आणि पंचनामा केला. पुढे चार महिने हेलपाटे झाले. शेवटी बियाण्याचे पैसे परत मिळाले. गेलेला हंगाम काही परत मिळाला नाही.

थोरला दुकानात गेला, तेव्हा दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "तात्या, तुमचं तोंड मी वळखतो. पण कंपनीला मी काय दाखवू? माझ्या वहीत तुमचं नाव न्हाई." दुकानदार लबाड नव्हता. तरी तात्यांचे पैसे गेले ते गेलेच. त्यांनी दुसऱ्या पेरणीसाठी कर्ज काढले.

म्हणून सांगतो, बियाणे, खत, औषध घेताना पावती सोडू नका. बियाणे विकणाऱ्याने पावती देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि पेरणीआधी घरी एक परीक्षा करा. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. पाच-सहा दिवसांनी उघडा. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगले मोड आले, तर बी पेरण्याजोगे समजा.

कच्ची आणि पक्की पावती

साध्या कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला, तर ती कच्ची पावती. तिच्यावर दुकानाचे नाव नसते. उद्या ती कोणाची, हे सांगता येत नाही. पक्क्या पावतीवर दुकानाचे नाव-गाव, पावतीचा क्रमांक, तारीख, मालाचे नाव, किंमत आणि सही असते. "पक्की घेतली तर कर पडेल" असे काही ठिकाणी म्हणतात. चार पैसे वाचतात खरे, पण पंप बिघडला तर तो याच दुकानातला, हे सिद्ध कसे करणार?

आमच्या ओळखीचा एक मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. मोटार ठेवून घेतली की तो चिठ्ठी देतो. मोटार कोणाची, बिघाड काय, पैसे किती ठरले, परत कधी मिळेल, हे चारही तो लिहितो. त्याच्या दुकानात भांडण आम्ही कधी ऐकले नाही. कागद गिऱ्हाइकाला सांभाळतो, तसाच दुकानदारालाही.

काटा वाचा

पूर्वी आपल्याकडे शेर, पायली, मण होते. शेरही सगळीकडे सारखा नव्हता. परगावच्या माणसाची फसगत होई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली. आता देशभर किलो एकच आहे, हजार ग्रॅमचा.

आज बहुतेक दुकानांत विजेचा काटा असतो. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का ते पाहा. काट्याचे आकडे गिऱ्हाइकाला दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर म्हणा, "काका, काटा जरा इकडं फिरवा." यात लाज कसली? मिठाई घेताना खोक्याचे वजन मिठाईत धरू देऊ नका. विजेचा काटा दर वर्षी सरकारी माणसाकडून तपासून घ्यावा लागतो. तपासल्याचा दाखला दुकानात लावलेला असतो. भाजीवाल्याने वजनाऐवजी दगड टाकला, तर तो चालत नाही.

पुड्यावर काय लिहिले आहे?

बंद पुड्यावर बारीक अक्षरे असतात. ती वाचायला आता तुम्ही शिकलात. मालाचे वजन, बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, आणि किंमत त्यावर असते. किमतीपुढे 'एमआरपी' लिहिलेले असते. म्हणजे जास्तीत जास्त किंमत. सारे कर तिच्यात आलेले असतात. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. थंड केल्याचे निराळे पैसे मागणेही चुकीचे.

सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कची खूण पाहा. खुणेत अक्षरे व आकडे मिळून सहा चिन्हांचा एक क्रमांक असतो. तो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. दुकानदाराकडे भिंग असते. ते मागून घ्या आणि स्वतः वाचा.

तक्रार कुठे करावी?

पहिल्यांदा दुकानदाराशीच शांतपणे बोला. पुष्कळ वेळा चूक नजरचुकीने झालेली असते. आम्हाला एकदा तेलाचे पैसे दोनदा लावले होते. पावती दाखवताच दुकानदाराने पैसे परत दिले, वर चहाही पाजला.

बोलून भागले नाही, तर १९१५ या नंबरावर फोन करा. ही सरकारची ग्राहकांसाठीची सोय आहे. मराठीतही बोलता येते. वजनात खोट असेल, तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला. तो घडावा म्हणून अनेकांनी खटपट केली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. आता २०१९ चा नवा कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मालासाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो, "पावती आहे का?"

पुढच्या वर्षी तात्या पुन्हा त्याच दुकानात गेले. बियाणे घेतले. मग थोडे थांबून म्हणाले, "शेठ, पावती द्या." पावती हातात आल्यावर त्यांनी ती आम्हाला दिली आणि म्हणाले, "जरा वाचून दावा." आम्ही वाचून दाखवली. त्या हिवाळ्यापासून तात्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागले.

ध्यानात ठेवा
१. आधी काट्यावर शून्य, मग माल.
२. पुड्यावरची किंमत वाचा, मग पैसे द्या.
३. पक्की पावती घ्या आणि जपून ठेवा.
४. बियाण्याची पिशवी, टॅग आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत टाकू नका.

हे करा
१. घरातला एक बंद पुडा घ्या. त्यावरचे वजन, किंमत, महिना व वर्ष वहीत लिहा.
२. घरातली एक पावती शोधा. ती कच्ची की पक्की, ते सांगा.
३. तात्यांचे पैसे का बुडाले? चार ओळी लिहा आणि घरातल्यांना वाचून दाखवा.