गरम करणं वेगळं, गरम ठेवणं वेगळं

कारखान्यांची कॅन्टीन, मंगल कार्यालयं आणि हायवेवरची हॉटेलं यांच्यातली बेन मेरी, हॉट केस, वड्या-सामोशांची काचेची पेटी अशी पदार्थ गरम ठेवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. भोसरी-चाकणपासून लोणावळ्यापर्यंतचा पट्टा माझा. नवा पोरगा हाताखाली आला की पहिल्या आठवड्यात त्याला जे सांगतो, ते इथे लिहितोय.

१. अवजारांची पिशवी उघडण्याआधी विचारा : पाणी कधी भरलं?

धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. भोसरीच्या एका कॅन्टीनमधून फोन आला, "बेन मेरी गरम होत नाही." गेलो, थर्मोस्टॅट बदलला. आठ दिवसांनी तीच तक्रार. पुन्हा बदलला, या वेळी स्वतःच्या खिशातून. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा अवजारांची पिशवी उघडलीच नाही. सकाळी दहाला जाऊन स्टुलावर बसून राहिलो. साडेअकराला पोऱ्याने नळाचं गार पाणी चाळीस लिटर भरलं, बटण दाबलं आणि फ्रीजमधली कालची उसळ थेट भांड्यात ओतली. बाराला पहिली पाळी जेवायला आली.

आता हिशोब करा. दोन किलोवॅटची कॉइल चाळीस लिटर पाणी २५ अंशांवरून ८५ वर न्यायला जवळजवळ दीड तास घेते, तेही काहीच उष्णता वाया गेली नाही तर. यंत्र बिचारं धडधाकट होतं. मी बदललेले दोन्ही थर्मोस्टॅटही.

बेन मेरी हे नाव फ्रेंच, अर्थ ‘मेरीचं स्नान’. प्राचीन काळी मेरी नावाची एक किमयागार बाई होऊन गेली, तिच्या नावावर ही युक्ती जमा आहे. आच आणि भांडं यांच्यात पाणी घातलं की आच नरम होते, पदार्थ बुडाला लागत नाही. म्हणजे या यंत्राचा जन्मच मुळी जपून, हळू आच देण्यासाठी झालेला. त्याच्याकडून शेगडीचं काम मागायचं नाही. पाणी गरमच भरा, पदार्थ शेगडीवर वाफाळेपर्यंत तापवा आणि मगच भांड्यात ओता. माझ्याकडे येणाऱ्या ‘गरम होत नाही’ या तक्रारींतल्या निम्म्या एवढ्यावर मिटतात. अर्थात याचं बिल काय लावायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

२. व्होल्टेज मोजा, आणि भर लग्नात मोजा.

मंगल कार्यालयातली मशीन दुपारी रिकाम्या हॉलमध्ये तपासली तर उत्तम चालते. संध्याकाळी रोषणाई, एसी, डीजे सगळं सुरू झालं आणि लांबच लांब बारीक वायरने बुफे जोडला, की प्लगपाशी २३० चे १९० व्होल्ट होतात. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे १९० व्होल्टला दोन किलोवॅटची कॉइल जेमतेम १,३६५ वॅट देते. तिसरा हिस्सा गायब! केटरर मशीनला शिव्या घालतो, मशीनवाला केटररला. वायर कुणाचीच नसते.

३. कॉइल मेली की कुणी मारली, हे बघितल्याशिवाय नवी बसवू नका.

मल्टिमीटर लावून कॉइल गेली की आहे ते दोन मिनिटांत कळतं. दोन किलोवॅटची असेल तर साधारण २६ ओहम दाखवते, चालू असताना क्लॅम्प मीटरवर साडेआठ-नऊ अँपिअर. काटा हललाच नाही तर ती गेली. का गेली हे मात्र मीटर सांगत नाही, ते कॉइलचा रंग सांगतो.

पांढरी खरपुडी चढलेली असेल तर बोअरचं पाणी. क्षारांचा थर म्हणजे कॉइलवर घातलेली गोधडी; आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तार आतल्या आत जळते. यावर उपाय स्वस्त आहे. गरम पाण्यात लिटरला पन्नास ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, घालायचं, अर्धा तास ठेवायचं, मऊ ब्रशने घासून दोनदा धुवायचं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतणारे महाभाग मी पाहिलेत. खरपुडी निघते, पण स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि सहा महिन्यांत टाकी ठिबकायला लागते. (टाकीचं स्टील चांगलं आहे हे दाखवायला मालक हटकून लोहचुंबक लावून दाखवतात. चुंबक ३०४ ला धरत नाही, तसा स्वस्तातल्या २०२ लाही धरत नाही. त्या परीक्षेत सगळेच पास.)

कॉइल निळी-काळी पडून वाकलेली असेल तर ती कोरडी जळलेली आहे. मग खाली वाकून निचऱ्याचा कॉक बघा, बहुधा थेंब थेंब गळत असतो. कोरडी कॉइल लाल झालेली दिसली तर घाईघाईने तिच्यावर पाणी ओतू नका. आधी वीज बंद करा, ती निवू द्या. वाफेने भाजलेल्या एका आचाऱ्याला मी स्वतः दवाखान्यात नेलंय.

४. तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजतो.

चातुर्मासात लग्नं नसतात. कार्यालयातल्या मशिनी चार महिने ओल्या हवेत झाकून पडलेल्या. तुळशीविवाहानंतर पहिला मुहूर्त येतो, बटण दाबलं की खाड्कन आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. एकाच आठवड्यात पाच-सहा ठिकाणी हेच. मालक घाबरून म्हणतात, "काका, सगळ्या कॉइली गेल्या!"

गेलेल्या नसतात. कॉइलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. टोकाचं सील म्हातारं झालं की ती पावसाळाभर हवेतली ओल शोषते. मग तारेतून नळीकडे, नळीतून स्टीलच्या अंगाकडे थोडा प्रवाह झिरपतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपलं काम चोख करतो. मी कॉइल काढतो, भट्टीत शंभर-सव्वाशे अंशांवर काही तास वाळवतो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून पाहतो, टोकं पुन्हा सील करतो. दहातल्या सात-आठ परत कामाला लागतात.

यातला खरा गुन्हेगार तो इलेक्ट्रिशियन, जो माझ्याआधी येऊन आरसीसीबीच बायपास करून जातो. "आता पडत नाही बघा," असं वर मालकाला सांगतो. त्यानंतर ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या वाढप्याच्या आणि विजेच्या मध्ये उरते फक्त अर्थिंगची तार, आणि मंडपात तीही कुठेतरी तुटलेली असते. असं बायपास केलेलं दिसलं की मी आधी ते काढतो. लग्न दारात असलं तरी. दोन गिऱ्हाइकं यापायी तुटली; तुटू देत.

५. बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे.

सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडले असले तर मशीनचं बटण न्यूट्रल तोडतं आणि कॉइलपर्यंत फेज तसाच जिवंत राहतो. प्लग काढा, आणि तो आपल्या नजरेसमोर ठेवा. थेट जोडणी असेल तर एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावा. मी हे शिकलो तो दिवस उजव्या हाताला अजून आठवतो.

६. थर्मोस्टॅटचा शेपटा जपा.

डायलच्या मागून निघणारी बारीक नळी आणि तिच्या टोकाचा बल्ब, यांत द्रव असतो. तो फुगला की वीज तुटते. भांडी घासणाऱ्याच्या हाताने नळी मुडपली, द्रव गळाला, की वीज तुटतच नाही आणि पाणी रात्रंदिवस खदखदतं. म्हणून कोमट तक्रारीला थर्मोस्टॅटवर शेवटी संशय घ्या, उकळणाऱ्या तक्रारीला पहिला.

७. पाइपने मशीन धुणाऱ्याला एकदा पॅनेलच्या आत काय दिसतं ते दाखवा.

गंजलेले लग, हिरवा पडलेला कॉन्टॅक्टर, उबेला आलेली झुरळं. बोलायची गरज पडत नाही.

८. डायलवर विश्वास नाही, थर्मामीटरवर आहे.

माझ्या पिशवीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे टोचायचा थर्मामीटर. तोही तपासून घ्यायचा : बर्फाच्या चुऱ्यात शून्य, उकळत्या पाण्यात पुण्यात ९८. शंभर दाखवला तर तो पुण्यात चुकीचा आहे, कारण आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर राहतो. मग तो पदार्थाच्या मधोमध टोचायचा. कडेला सत्तर आणि मध्यभागी बावन्न, असं मी मसालेभातात कितीदा पाहिलंय.

६० अंशांच्या खाली भात तासन्‌तास राहिला तर शिजवूनही तग धरलेले जंतू जागे होतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा तापवल्याने जात नाही. त्यामुळे ‘परत एक वाफ काढू’ हा आचाऱ्यांचा लाडका उपाय इथे कामाचा नाही. मशीनवर झाकण ठेवा, रिकाम्या खाचाही झाकून टाका, तासातासाला टोचून बघा.

लग्नसराई तोंडावर आहे. कार्यालयवाल्यांनो, मुहूर्ताच्या आदल्या रात्री फोन करू नका. दिवाळी झाली की बोलवा, कॉइली काढून, वाळवून, सील करून परत बसवायला एक पूर्ण दिवस लागतो.