रात्रीची नाकाबंदी आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा

नाकाबंदीत पोलीस वाहन थांबवतात, कागद पाहतात, संशय आला तर अंगाची व सामानाची झडती घेतात. शहरातली मुले रात्री बाहेर असतात ती बहुधा वाढदिवस, सिनेमा किंवा गणपतीमुळे. कोरेगावच्या बागायती पट्ट्यात आणखी एक कारण असते. शेतीपंपाची लाईट पाळीने येते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते. घरातला कर्ता माणूस थकलेला असला की उसाची दारं धरायला थोरल्या मुलाला धाडले जाते.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा प्रसंग असाच घडला. अकरावीतला मुलगा चुलतभावाला मागे घेऊन रात्री एकच्या सुमारास मळ्यातून परतत होता. पिशवीत कोयता होता आणि थंडी म्हणून तोंडाला मफलर गुंडाळला होता. नाकाबंदीत वय विचारले, तेव्हा लायसन नसल्याच्या धास्तीने त्याने ‘अठरा’ सांगितले. त्या उत्तरावर दोघांना ठाण्यात नेऊन बाकावर बसवले, मोबाईल काढून घेतला. घरी फोन आला तो पहाटे चारला. मारहाण झाली नाही, शिवीगाळही नाही. चुकीची सुरुवात मात्र घरातूनच झाली होती, कारण गाडीची किल्ली बापानेच दिली होती.

गाडीपुरते बोलायचे तर मुलाची बाजू लंगडीच असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवावेच लागते. ते अठराव्या वर्षी मिळते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता आहे, आणि बापाची मोटारसायकल त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ थेट पालकावर किंवा मालकावर येते: 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेने दोन अभियंते ठार झाले, तेव्हा त्याच्या वडिलांनाही अटक झाली होती. गावात ‘शेतापर्यंतच तर जायचंय’ म्हणतात. कायद्यात तशी सवलत नाही.

झडतीचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. इंग्लंड व वेल्समध्ये 1984 च्या पोलीस कायद्यानुसार अडवून झडती घेण्यासाठी वाजवी संशय लागतो आणि झडतीची लेखी नोंदही होते. आपल्याकडे या कामाचा असा एकच कायदा नाही. अधिकार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 122 सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेपुरते आहे. हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून फिरणे त्यात येते, पण गुन्हा करण्याचा हेतू असेल तरच. मफलर आणि कोयता एकत्र दिसले की पोलिसाच्या मनात काय येते, ते पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्या वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, मात्र शेतीची अवजारे वगळलेली आहेत. तरीही कोयता मळ्यातल्या खोपीतच ठेवलेला बरा.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल तर एनडीपीएस कायद्याचे कलम 50 लागू होते. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे पोलिसाने आधी सांगितलेच पाहिजे. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे बंधन पक्के केले. मुलीची झडती महिलेनेच घ्यायची असते. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबईच्या कालिना भागात झडती घेताना खिशात पुडी सरकवल्याचा आरोप झाला आणि सीसीटीव्ही चित्रण बाहेर आल्यावर चार पोलीस निलंबित झाले. म्हणून मुलाने हात मोकळे व दिसतील असे ठेवावेत, खिसे स्वतः उलटे करून दाखवावेत, हुज्जत घालू नये, आणि पळू तर मुळीच नये.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडते ते खरे वय. अठरा पूर्ण नसलेल्याला बाल न्याय अधिनियम, 2015 लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून पालकांना लवकरात लवकर कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. किमान 7 वर्षे शिक्षेचा घोर गुन्हा किंवा मोठ्यांच्या जोडीने केलेला गुन्हा सोडला तर एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. कलम 74 मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते, तेव्हा ठाण्यातला फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारा हौशी पुढारीही अडचणीत येऊ शकतो. ‘अठरा’ म्हणणारा मुलगा हे सारे संरक्षण त्या रात्रीपुरते तरी आपल्या हाताने सोडून देतो. कॉलेजचे ओळखपत्र आणि शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याची झेरॉक्स खिशात असली की वाद सहसा उरत नाही.

फोन आल्यावर पालकाने जन्मतारखेचा दाखला घेऊन जावे, आवाज चढवू नये आणि स्थानिक पुढाऱ्याला सोबत नेऊ नये. त्याने गोष्ट चिघळते. बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, असे नावाने विचारावे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना मोफत वकील देते. विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे. वस्तू जप्त झाली असेल तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तिची यादी आणि चित्रीकरण व्हायला हवे. मोबाईलही त्यात आला. तक्रार करायची असल्यास ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अर्जात तारीख, वेळ व जागा लिहावी, आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे त्या वेळेचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी.